रंगूचा सव्वा महिना

अंबाजीच्या पाठीचं कौतुक आगरदांड्यापासून मुरुडपर्यंत सगळ्यांनी केलं. करोत बापडे! पाठ होतीच तशी. पण ती पाठ ज्या बाईच्या जिवावर उभी राहिली, त्या रंगूची कंबर कशी आहे हे विचारायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. तेव्हा सांगायचं ते रंगूचं.

रंगूचं सासर आगरदांड्याच्या बंदरापासून कोसभर आत. घरी चार भातखाचरं, एक म्हैस, पदरात तीन पोरं, आणि नवरा बंदरावर हमाल. स्वराज्य येऊन तीन-चार वर्षं झाली होती. भरती असली की दिघीकडून येणारी होडी नीट धक्क्याला लागे. ओहोटीला मात्र पाणी मागं सरायचं आणि होडी लांबवर गाळातच थांबायची. मग उतारूनं काय करावं? धोतराचा सोगा सांभाळत हमालाच्या पाठीवर बसावं आणि कोरड्या पायांनी किनाऱ्याला यावं. वकील, मास्तर, भटजी, काजी, सगळे असेच यायचे. अंबाजी हे काम सोळाव्या वर्षापासून करत होता आणि तो कुणाला गाळात पाडत नाही अशी त्याची ख्याती होती.

एक्कावन्न सालच्या शिमग्यात ती ख्याती गाळात गेली. मुरुडचे एक शेटजी आले, तब्येतीनं गुटगुटीत, बरोबर लोखंडी पेटी. दोन फेऱ्या माराव्यात की नाही? पण बाकीचे हमाल बघत होते, आणि चार माणसं बघत असली की अंबाजीच्या अंगात यायचं. त्यानं शेटजी पाठीवर घेतले आणि पेटी हातात. डावा पाय रुतला, उजवा घसरला, कमरेत कट्कन वाजलं. शेटजी गाळात, पेटी गाळात आणि अंबाजी दोघांच्या खाली. त्याला चौघांनी फळीवर घालून घरी आणला.

मग सुरू झाले उपाय. तेल झालं, शेक झाला, एका वैदूनं तापलेल्या विळ्यानं कमरेवर तीन डाग दिले. त्याचे सोबती रोज संध्याकाळी येऊन शहाणपण शिकवायचे. एक म्हणे, "कमरंला पटका आवळून बांध. पटका घट्ट तर पाठ शाबूत." दुसरा म्हणे, "पाय जात्याखाली अडकव आनि झटक्यानं उठ. शंभर येळा. पोट दगडावानी व्हतंय." अंबाजीनं तेही केलं. तिसऱ्या दिवशी असा किंचाळला की गोठ्यातली म्हैस बिथरली. त्यानंतर तो कुशीवरसुद्धा वळेना.

हमालांच्या टोळीचा मुकादम दिनानाथ. माणूस वाईट नव्हता, पण टोळीचा नियम कुणासाठी मोडायचा नाही. धक्क्यापाशी पिंपळाखाली एक वाटोळा गोटा होता. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की प्रत्येक हमालानं तो गोटा खांद्यावर घ्यायचा आणि पिंपळापासून पाण्यापर्यंत जाऊन यायचं. मध्ये टेकवला की त्या वर्षीपुरतं नाव गेलं, आणि दोन वर्षं ओळीनं चुकला तर कायमचं. दिनानाथ दारात उभा राहून म्हणाला, "औंदा तुला सोडला अंबाजी. पुढल्या सालच्या पुनवेला गोटा न्हाय उचललास तर राम राम."

रंगूला तेव्हा सहावा महिना होता. तिनं ते चुलीपाशी बसून ऐकलं.

आषाढात ती बाळंत झाली. चौथं मूल, मुलगा. घर ते केवढं! मध्ये कारवीचा कूड, त्याच्या अलीकडे रंगूची बाज आणि शेगडी, पलीकडे अंबाजीची घोंगडी. दोन आडवी माणसं आणि त्यांच्या मधोमध सहा वर्षांची जनी, थोरली पोर, इकडचं पाणी तिकडे करत.

पाचवीला आवडाबाई आली. ती गावची सुईण. उंचीनं बुटकी, तोंडानं फटकळ, आणि हाताला यश असं की पंचक्रोशीतलं अर्धं गाव तिच्या ओंजळीत जन्मलेलं. तिनं रंगूच्या पोटावर बोटं ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रंगे, तुजं पोट मदोमद उसवलंय गो. बग, माजी तीन बोटं आत जातान. चार बाळंतपनं, आनि येकदा तरी सव्वा म्हयना पडलीस काय?"

"कुनी पडू दिला, मावशे?"

"या खेपेला पडायचं. नुसतं पडायचं न्हाय, मी सांगते त्ये करायचं. न्हायतर पाठ जाईल, आनि पुडं पिशवी उतरून अंग भायेर येईल. मंग बोंबलत ये माज्याकडं."

आणि तिनं दाखवलं. उताणं निजायचं, गुडघे वर, तळवे भुईला टेकलेले. तोंडानं हळूहळू श्वास सोडायचा आणि सोडता सोडता बेंबी आत, पाठीकडे ओढून घ्यायची. खाली लघवी आवरून धरतो तसं धरायचं. दहा अंक मोजायचे, सोडायचं. मान उचलायची नाही, पाठ भुईवरून हलवायची नाही. चार-सहा दिवस एवढंच. मग तसंच पोट धरून एक टाच हळू लांब सरकवायची नि परत आणायची, मग दुसरी. पंधरा दिवसांनी कंबर उचलायची. महिन्यानं हात-गुडघ्यांवर ओणवं राहून उजवा हात पुढं, डावा पाय मागं, मग उलट. आणि काही झालं तरी झटक्यानं उठून बसायचं नाही. आधी कुशीवर, मग हाताच्या आधारानं.

"दुखलं की थांबायचं. पोट दमलं तर चालंल, पाठ दुखता कामा नये," आवडाबाई म्हणाली. "घाई केलीस तर होतं तेवडंबी जाईल."

कुडापलीकडून कण्हत आवाज आला. "आवडाबाय, ह्ये माज्या पाठीला चालंल काय गो?"

"पोट काय बायलाच दिलंय व्हय देवानं? त्या पटक्यानं तुमची पोटं आळशी झाली मेल्यांनो! पटका काम करतो, पोट निजतं, आनि सगळा भार त्या बिचाऱ्या पाठीवर. कर तूबी. पन कुनाला सांगू नको हो, हमाल तुला चोळीबांगडी घालतील!" असं म्हणून ती खदखदा हसली. अंबाजी हसला नाही.

पुढच्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. खाचरं भरली, रोपं हातभर झाली, आणि गावात लावणीची घाई उडाली. लावणी काय कुणासाठी थांबते? आठ दिवस चुकले की वर्षाचा भात गेला. घरात दोन मोठी माणसं, दोन्ही आडवी. एकानं उठायला हवं होतं. अंबाजी त्याबद्दल अक्षर बोलला नाही. नुसता आढ्याकडे बघत राहिला आणि अधूनमधून सुस्कारे टाकत राहिला. न बोलता मागायची कला त्याला चांगली अवगत होती.

बाराव्या दिवशी पोराचं नाव ठेवलं आणि रंगू उठली. पोटाला जुनं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि नवऱ्यापाशी जाऊन बसली.

"तुमी पडा," ती म्हणाली. "मावशीनं सांगितलं त्ये करा. तुमची पाठ उबी ऱ्हाऊ द्या. पन येकदा गोटा उचललात की माजा सव्वा म्हयना मी घेनार. मी आडवी पडनार आनि तुमी मला भाकर देनार. घाला शपत."

अंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी खरं पाणी. "तुज्या गळ्याशपत, रंगे," तो म्हणाला. रंगूला तेवढं पुरलं. ती चिखलात उतरली तेव्हा तिच्या मांड्यांवरून रक्त वाहत होतं, आणि खाचरातल्या पाण्यात ते कुणाला दिसलं नाही.

मग तेरा महिने. रंगूनं लावणी केली, बेणणी केली, भात कापला, झोडला. तान्हं पोर झाडाला बांधलेल्या झोळीत. पावसाळा सरल्यावर ती दिनानाथकडे गेली आणि म्हणाली, बाया-पोरांना पाठीवरून मीच आणते. परपुरुषाच्या पाठीवर बसायला बायका लाजायच्याच, दिनानाथला ते सोयीचं पडलं. रंगू काष्टा मांडीपर्यंत खोचून गाळात उतरायची आणि एकेक बाई उतरवून आणायची. पोट उसवलेलं, आणि पाठीवर कुणाची तरी जाडजूड सून! रात्री कुशीवर वळताना ती तोंडात पदर कोंबायची.

आणि घरी अंबाजी. सकाळी दार लावून, उताणा, गुडघे वर. सुरुवातीला त्याला धरवेना, चार अंकांवर धाप लागायची. रंगू बाहेर पडण्याआधी त्याच्या पोटावर हात ठेवून अंक मोजायची. "आत घ्या... आजून... मान नका उचलू... पाठ हलली, सोडा." दोन महिन्यांनी तो उठून बसू लागला, चौथ्या महिन्यात चालू लागला. सहाव्या महिन्यात ओणवं राहून हातपाय उचलू लागला तेव्हा आवडाबाईनं त्याच्या पाठीवर पाण्याची वाटी ठेवली आणि सांडेल त्या दिवशी चहा नाही म्हणून दटावलं. मग ओझं. आधी पायलीभर भात, मग मण. गुडघ्यांत वाकायचं, ओझं छातीशी घ्यायचं, श्वास सोडत पोट धरून उठायचं. पटका नाही. कधी कुणी दार वाजवलं की अंबाजी धडपडून घोंगडी ओढून घेई आणि कण्हू लागे.

रंगू मात्र खूश होती. खोटं कशाला बोला! दर दिवशी त्याचं पोट घट्ट होत होतं आणि तिची पडायची वेळ जवळ येत होती.

बावन्नची नारळी पुनव. पिंपळाखाली ही गर्दी. अंबाजी पटका न बांधता उघड्या कमरेनं पुढे आला तसा कुणीतरी ओरडला, "आरं, पटका बांद, मरशील!" तो गोट्यापाशी बसला, गोटा मांड्यांवर घेतला, छातीशी धरला, श्वास सोडला आणि उठला. घाई नाही, झटका नाही. पाण्यापर्यंत गेला आणि आला. गोटा ठेवतानासुद्धा पाठ वाकवली नाही, गुडघ्यांत बसून ठेवला. चार तरण्या गड्यांनी त्या दिवशी गोटा टेकवला होता. लोकांनी अंबाजीला उचलून धरला.

दिनानाथनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास रे वाघा! कुनी शिकवलं?"

रंगू बायकांच्या घोळक्यात पुढेच उभी होती, कडेवर पोर. शेजारी आवडाबाई पान चघळत. अंबाजीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा टोळीकडे. चाळीस-पन्नास गडी कान देऊन उभे. बाळंतिणीची कसरत केली म्हणून सांगितलं असतं तर हसून हसून मेले असते सगळे.

"बैरागी आलता येक," अंबाजी म्हणाला. "शिमग्याच्या टायमाला. गिरनारचा. त्यानं दिली इद्या."

गर्दीतून 'आहाहा' उठलं. आवडाबाईनं पानाची पिंक टाकली आणि रंगूला कोपरानं ढोसलं. "काय गो, बैराग्याला दाढी व्हती काय?" रंगू लाजेनं मेली. "मावशे, रागावू नको, त्यांची आबरू..." म्हातारी म्हणाली, "जाऊ दे बाय. माजं नाव घेतलं आसतं तर कोन करनार व्हता?" पण त्यानंतर ती त्या घरी फार आली नाही. गरज सरो, वैद्य मरो.

घरी आल्यावर रंगूनं लापशी केली, नवऱ्याला वाढली आणि म्हणाली, "आता माजी येळ."

"आगो, आता बेननी, मंग भातकापनी," अंबाजी म्हणाला. "कापनी होऊ दे."

कापणी झाली. मग त्याच्या भावाचं लग्न आलं. लग्न झालं तर शिमगा. शिमगा झाला तर रंगूलाच पुन्हा दिवस राहिले. या खेपेला तरी, या खेपेला तरी, करत ती बाळंत झाली, आणि बाराव्या दिवशी सासरच्या माणसांना भाकऱ्या थापायला उठली. अंबाजी वाईट होता का? दारू पीत नव्हता, हात टाकत नव्हता. 'उद्या' म्हणताना त्याला खरंच उद्या वाटायचं. असल्या माणसाशी भांडता तरी कसं येतं?

दरम्यान अंबाजीच्या अंगणात शाळा भरू लागली. आधी टोळीतले दोघे आले, मग दिघीहून पोरं येऊ लागली. अंबाजी हात मागं बांधून फेऱ्या मारायचा आणि सांगायचा, "मान नको. पाठ हलली, सोड. पोट दमलं तर चालंल, पाठ दुखता कामा नये." शब्दन् शब्द आवडाबाईचा. रंगू त्यांना पाणी नेऊन द्यायची. कितीतरी हमालांच्या पाठी त्यानं वाचवल्या हे नाकारून चालणार नाही. आयत्या बिळावर नागोबा, पण नागोबानं बीळ राखलं चांगलं.

मग एक प्रकार घडला. टोळीतल्या सदा नावाच्या गड्याची बायको ठमी, तिनं नवऱ्याचं बघून बघून घरी तेच करून पाहिलं. तिची कंबर सदानकदा दुखायची. नेमकी त्याच आठवड्यात सदाची मान आखडली. झालं! टोळीत एकच बोभाटा. बाईनं बैराग्याची विद्या विटाळली. सदा ठमीला फरफटत अंबाजीच्या अंगणात घेऊन आला. "गुरू, सांगा हिला. बायकांनी करायचं काय न्हाय?"

रंगू दारात उभी होती. तिनं अंबाजीकडे पाहिलं. आता सांग, तिला वाटलं, आता तरी सांग. अंबाजीचं तोंड गोरंमोरं झालं. पण बैराग्याचं सोंग एकदा काढलं की ते नाचवावंच लागतं.

"न्हाय चालत," तो म्हणाला. "बायकांचा इटाळ चालत न्हाय या इद्येला."

ठमी डोळे पुसत गेली. त्या दिवसापासून पंचक्रोशीत नियमच झाला. जे बाईनं बाईसाठी सांगितलं होतं, ते बाईनं करणं पाप! शाळा चालू असताना रंगूनं अंगण ओलांडणंसुद्धा बंद झालं. पाण्याचा तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवायचा आणि मागं सरायचं.

पंचावन्नच्या पावसाळ्यात, डोक्यावरून शेणाची पाटी उतरवताना, रंगूला खाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. गोठ्याच्या आडोशाला जाऊन तिनं हात लावला आणि थंडगार पडली. आवडाबाई सांगत होती तेच. अंग बाहेर आलं होतं. तिनं बोटांनी आत सारलं, फडक्याची घडी बांधली आणि उरलेलं शेण टाकायला गेली. दुसरं काय करणार होती?

लपतछपत ती म्हातारीकडे गेली. आवडाबाईला तोवर नीट दिसत नव्हतं. तिनं हातांनीच तपासलं आणि म्हणाली, "उशीर झालाय. पन कर त्येच. थोडं आवरंल. तीन म्हयने ओझं उचलू नको. आगो, तुज्या तर घरात शाळा भरते!"

रंगू हसली की रडली हे तिलाच कळलं नाही. तिनं गोठ्यात, म्हशीमागं गोणपाट टाकून सुरू केलं. उताणी, गुडघे वर. एक, दोन, तीन. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी अंबाजी दारात उभा! तो ओरडेल म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. तो ओरडला नाही. शेणात बसला आणि त्यानं हात जोडले.

"रंगे, कुनी बघितलं तर काय ऱ्हाईल माजं? सदाच्या बायकूला मी इटाळ म्हनलो, आनि माज्याच घरात? माजी लाज राख. पाया पडतो तुज्या."

"आनि माजं अंग?" हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं त्याला अजून सांगितलंच नव्हतं. बाईनं हे नवऱ्याला सांगायचं कसं, कोणत्या शब्दांत? तिच्या आईनं कधी सांगितलं नव्हतं, तिच्या आज्जीनं सांगितलं नव्हतं. रंगूनं गोणपाट गुंडाळलं. त्याच्या शपथेची तिनं आठवणही करून दिली नाही. तिथून पुढं तिनं कधी मागितलंच नाही. त्यानंतर तिला आणखी एक मूल झालं, आवडाबाई वारली, आणि म्हातारीच्या तेराव्याला अंबाजीच्या अंगणात नेहमीप्रमाणे शाळा भरली.

वरून बघणाऱ्याला रंगू ताठ दिसायची. अंग खाली येऊ नये म्हणून ती ताठच चालायची, आवळून. लोक म्हणायचे, अंबाजीची बायको बघा, सहा बाळंतपणं झाली पण अजून मणाचा भारा उचलते! त्यांच्या दिवट्या कौतुकाला काय म्हणावं?

चौसष्टच्या आषाढात जनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर दिघीला. नवरा शिवदास, अंबाजीच्याच अंगणात शिकलेला, भरल्या गोणी वाहणारा गडी. जनीला मुलगी झाली आणि बाळंतपण जड गेलं. रंगूनं तिच्या पोटावर बोटं ठेवली. तीन बोटं आत गेली. त्या दिवसापासून रंगूनं एकच धोशा धरला, माझं गेलं ते गेलं, जनीला मी सव्वा महिना हलू देणार नाही. दार लावून, आवाज दाबून, ती जनीला शिकवू लागली. जनी घाबरायची. "आये, इटाळ हाय ना गो?" रंगू म्हणायची, "गप. आत घे. दहापत्तूर मोज."

बाराव्या दिवशी बारसं झालं. जेवणं उरकली आणि जनीची सासू सखुबाई उठून म्हणाली, "चल गो जने, बांद तुजं. होडी हाय. लावनी अर्दी ऱ्हायली."

रंगू दारात आडवी उभी राहिली. "न्हाय जायाची ती. सव्वा म्हयना झाला की धाडीन."

सगळे बघतच राहिले. शिवदास हसला. "मामी, पंदरा दिसांचं काम. मंग ऱ्हाईल की पडून."

"तिचं पोट उसवलंय. तिला कसरत करायची हाय पोटाची. ओझं उचललं तर जन्माची जाईल."

"कसरत?" शिवदासनं अंबाजीकडे पाहिलं. "ती बायकांनी करायची न्हाय. मामांनीच सांगितलंय."

आता सगळ्यांचे डोळे अंबाजीवर. तो ओटीवर बसला होता, पन्नाशीकडे झुकलेला, पाठ सरळ, पोट सपाट. एक शब्द पुरे होता. बैरागी नव्हता, बाई होती, एवढाच. त्याचा ओठ हलला. मग तो खाली बघून सुपारी कातरू लागला.

"बाराव्या दिशी तर तूबी उठलीस, रंगे," तो हळूच म्हणाला. "झालं काय तुला?"

"व्हय गो आये," जनीही बोलली. बिचारी खरंच विचारत होती. "तू तर रगत जात व्हतं तवाबी लावनीला गेलीस. मी बगितलंय. तुला कुटं काय झालं?"

रंगूला वाटलं कुणी कानफटात मारली. तेरा वर्षं तोंडातून ब्र काढला नाही, आणि तिचं ते सोसणंच आज तिच्या पोरीच्या अंगावर फास टाकत होतं. तिनं शिवदासची लाज धरली नाही, विहिणीची धरली नाही. भर ओटीवर, मोठ्यांदा म्हणाली,

"अंग भायेर येतंय माजं! नऊ वर्सं. रोज आत सारते आनि भारा उचलते. ह्ये झालं मला!"

अंबाजीच्या हातातला अडकित्ता थांबला. शिवदास तोंड फिरवून अंगणात गेला. जनी आईकडे बघत होती, तोंड उघडं. पोर तेवढी रडत होती.

सखुबाई जागची हलली नव्हती. तिनं पदर खांद्यावर घेतला, रंगूच्या जवळ आली आणि तिच्या दंडावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती.

"माजंबी येतंय, इहिनबाय," ती म्हणाली. "शिवदास जन्मायच्या आदीपासनं. माज्या जावेचंबी येतं. त्यासाटी घरी बसलं तर लावनी कोन करंल?"

मग तिनं कपड्यांचं आणि तांदळाचं टोपलं उचललं. जनीनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा सासूकडे. तान्ही पोर छातीशी नीट धरली, मान वाकवली, आणि सखुबाईनं ते टोपलं तिच्या डोक्यावर दिलं.